पहिली आंघोळ मिस्त्रीची

बबनमामांनी फरशी बसवलेल्या प्रत्येक बाथरूममध्ये पहिली आंघोळ ते स्वतः करत. घरमालकाच्या आधी. फरशी बसली, सांधे भरले, दगडाला सीलर, म्हणजे पाणी-डाग मुरू न देणारं औषध, पाजून झालं, की ठरल्या दिवशी ते खाकी पिशवी घेऊन हजर व्हायचे. पिशवीत स्वतःचा तांब्या, पंचा, लाल साबणाची वडी आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली. आत जाऊन कडी लावायची, अंगाला तेल चोळायचं, डोक्यापासून पायापर्यंत साबण लावायचा, थोडा फरशीलाही फासायचा आणि डोळे गच्च मिटून चारी कोपऱ्यांपर्यंत चालून यायचं. "डोळ्यात साबन गेल्यावर मानूस जो पाय टाकतो ना, त्यो खरा पाय," असं ते म्हणत. "उघड्या डोळ्यानं काय, कुनी बी चालंल."

मी दौंडला राहतो आणि कुरकुंभला एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहे. मामा शिरूरचे. त्यांचं नाव मला शिफ्टमधल्या एका सोबत्याने सुचवलं, तेही बजावून, की माणूस विक्षिप्त आहे, पण दगड त्याचं ऐकतो. मला त्या वेळी विक्षिप्त-बिक्षिप्त काही दिसत नव्हतं. माझी आई बाथरूममध्ये घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की या वेळी निभावलं, पुन्हा पडल्या तर अंथरुणातून उठायच्या नाहीत. ज्या टाइल्सवर ती पडली, त्या आरशासारख्या चकचकीत टाइल्स मी निवडल्या होत्या. दुकानात उभं राहून, चार ठिकाणी हात फिरवून, मोठ्या हौसेने.

आईला शिरूरला माझ्या बहिणीकडे ठेवलं होतं. बहिणीची लेक बाळंतपणाला आलेली, त्यामुळे आईला तिथून महिन्याच्या आत आणायचंच होतं. तिचा रोज फोन यायचा. कशी आहेस विचारलं, की उत्तर एकच, "मोरी झाली का रे?" ओल्या फडक्याने अंग पुसून घेऊन ती विटली होती. जन्मभर पहाटे दोन बादल्या कढत पाण्याने आंघोळ करणारी बाई. तिला बाकी काही नको होतं.

मामा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मला "जय भीम" म्हटलं. मी "नमस्कार मामा" म्हणालो. साठी उलटलेली, अंगकाठी किरकोळ, तळहात मात्र घमेल्याएवढे. टेप काढून मापं घेतील म्हणून मी वाट पाहत होतो, तर ते बाथरूमच्या दारात उभे राहून मलाच विचारायला लागले, "हितं आंघोळ कोन करनार?"

"सगळेच."

"सगळे म्हंजी कोन? मानसं सांगा, सायेब."

मी आईचं सांगितलं. त्यांनी तिची जुनी चप्पल मागितली. ती उलटी करून उजेडात धरली, अंगठ्याने टाच दाबून पाहिली. डावी टाच बाहेरच्या अंगाने पार झिजलेली होती. "आक्का डावा पाय वढत टाकत्यात. आत्ताचं न्हाई ह्ये, लई वर्सांचं हाय. तुमाला ठावं न्हवतं?" मला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "उंबरा ठिवायचा न्हाई मंग." आणि जुन्या टाइल्सकडे पाहून म्हणाले, "ह्या कुनी निवडल्या?"

"मीच."

"आरसा पायजे हुता तर भितीला लावायचा."

मला राग आला. पण खोटं काहीच नव्हतं त्यात.

दगड आणायला आम्ही दोघे गेलो. मशीनने गुळगुळीत केलेला नको, खरखरीत शहाबादीच हवा, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. वखारीत त्यांनी चपला काढल्या आणि उन्हात तापलेल्या एकेका फरशीवर अनवाणी उभे राहत गेले. वखारवाला वैतागला. मामांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तळव्याला पटली ती बाजूला, नाही पटली ती परत थप्पीला. दुपार गेली त्यात.

काम ते एकटेच करत, हाताखाली कोणी ठेवत नसत. मी सुट्टीच्या दिवशी माल कालवून द्यायचो. ढाळ काढताना ते जमिनीला गाल टेकवून बघत आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणत, "पान्याला वाट दावली, की पानी तुमच्या वाटंला जात न्हाई." बसवलेल्या फरशीवर बोटाच्या पेराने टकटक करून, मान तिरकी करून ऐकत. एका संध्याकाळी अशीच एक फरशी त्यांना पोकळ वाजली. मला तर सगळ्या सारख्याच वाजत होत्या. त्यांनी ती उखडली, शेजारच्या दोन उखडल्या, आणि पूर्ण दिवसाचं काम पाण्यात गेलं. आई यायला नऊ दिवस उरलेले. माझा तोल सुटला.

"मामा, एवढ्याशानं काय होतंय?"

"एवढ्याशानंच हुतं. मोठ्यानं व्हायचं आसतं, तर आपुन सावध नसतो का?"

चहा पिताना, मी न विचारता, त्यांनी सांगितलं. तरुणपणी शिरूरमध्ये एका घरात त्यांनी गुळगुळीत फरशी बसवली होती. मालकाला तशीच हवी होती. तिसऱ्या दिवशी घरातला म्हातारा त्या फरशीवर पडला आणि चौथ्या दिवशी गेला. "समदे म्हनले, येळ आली हुती. मला कुनी एक शबुद बोललं न्हाई. उलटं मातीला गेलो तर मालकानं मलाच पानी दिलं. पर येळ न्हवती ती, सायेब. माझी फरशी हुती." तेव्हापासून पहिली आंघोळ त्यांची.

सांधे भरून वाळले, तरी सीलर लावायला ते तयार होईनात. फरशीवर पॉलिथिनचा तुकडा चिकटपट्टीने चिकटवून ठेवायचे आणि सकाळी खालून दमट दिसला की मान हलवायचे. "दगडाच्या पोटात पानी हाय आजून. वरनं तोंड बंद केलं तर गुदमरंल." चार सकाळी हा प्रकार चालला. पाचव्या सकाळी, शुक्रवारी, पॉलिथिन कोरडं निघालं. मग त्यांनी सुती फडक्याने सीलर लावला, थोडा वेळ थांबले, आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळा पुसून काढला. मला ते काही पटेना. इतकं महागडं औषध, लावायचं आणि पुसायचं?

"दगड पितो तेवढंच पाजायचं," मामा म्हणाले. "उरलं की पुसून घ्यायचं. वर ऱ्हायलं तर त्ये दगडाचं न्हवं, पायाचं वैरी."

आता दोन दिवस पाणी नाही, पाऊल नाही. रविवारी सकाळी मामांची आंघोळ आणि त्यानंतर आईची. बेत पक्का झाला, आणि त्याच दुपारी गावाहून आबा आले.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील गेल्यापासून आमच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांना मी मामांच्या आंघोळीचं कौतुकाने सांगायला गेलो. आबांचा चेहरा बदलला. "म्हंजी तुझ्या आईच्या आदी त्यो न्हानार? आपल्या मोरीत?" पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही, तशी गरजही नव्हती. "भायेर नळावर पाय धू आन् वल्या पायानं चालून बघ म्हनावं. आंघोळ-बिंघोळ काय न्हाई. सांग त्याला तू."

मी काय करायला हवं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. पण मी मामांकडे गेलो आणि जमिनीकडे पाहत म्हणालो, "मामा, ते आंघोळीचं राहू द्या या वेळी. आईला घाई आहे."

मामा फडकी धुवत होते. "आबा म्हनले व्हय?"

मी त्यांच्यापुढची बादली उगाच सरकवली.

"शिरूरला एका घरी मी आंघुळ करून भायेर पडलो, तर मागनं बाई गोमूत्र शिपडायला लागली. मी परत फिरलो. म्हनलं, बाई, भितीवर शिपडा, फरशीवर नगा. दगडाला डाग पडतो त्येचा." ते हसले. मला हसता आलं नाही. मग ते सरळ उभे राहिले. "सायेब, मी रईवारी येनार. आंघुळ केल्याबिगर मोरी माझ्या हातनं सुटायची न्हाई. नगं आसंल तर आत्ताच सांगा. पर मंग आक्का पडल्या, तर मला निरोप धाडू नगा."

मी "या" म्हणालो. आबांना मात्र सांगितलं नाही. दोन्ही डगरींवर पाय ठेवायची माझी जुनी सवय.

मामांनी बाथरूमच्या चौकटीत आडवी सुतळी बांधली, तिला त्यांची खास गवंडीकामातली गाठ मारली. "ही मीच सोडनार," असं म्हणून ते शिरूरच्या एसटीला गेले.

आता माझा पराक्रम. संध्याकाळी पाच वाजता मी त्या सुतळीपाशी उभा होतो. दगड निस्तेज, करडा दिसत होता. औषध लावल्याची काही खूणच नाही. सीलरचा डबा कोपऱ्यात, अर्ध्याहून जास्त भरलेला. आमच्या प्लांटमध्ये केमिकलच्या टाक्यांना आतून कोटिंग करतात, ते मी वीस वर्षं करून घेत आलो आहे. एक कोट कधी पुरत नाही. जाड थर, वाळला की दुसरा थर, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दौंडचं पाणी जड, दोन महिन्यांत दगडावर पांढरे डाग पडणार, आणि हे म्हातारबुवा सगळं पुसून गेलेले! शिवाय थोडी चकाकी आली तर काय बिघडलं, असंही मनात आलंच. जित्याची खोड. मी सुतळी सोडली, डबा उपडा केला, आतल्या कोपऱ्यापासून दारापर्यंत ब्रशने सगळं पसरवलं आणि पुसलं नाही. वाळल्यावर दगड असा खुलून आला की मी स्वतःवर खूश झालो. सुतळी पुन्हा बांधली.

रविवारी सकाळी लवकरच बहिणीने आईला गाडीतून आणून सोडलं. वॉकर धरून ती घरात शिरली, ती थेट बाथरूमपर्यंत गेली आणि सुतळीपलीकडे बघत उभी राहिली. "बाई गं, किती छान दिसतीय." माझ्या बायकोने, सुनंदाने, तिच्यासाठी मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं. आईला पॅसेजमध्ये खुर्ची दिली. तिने केस सोडले, मांडीवर टॉवेल घेतला आणि लग्नघरातल्यासारखी वाट बघत बसली. आबा सोफ्यावर. "पानी तापलं न्हवं? मंग आता कुनाची वाट बघायची?" ते मला म्हणाले. मी घड्याळाकडे पाहिलं. आणि दारात मामा उभे राहिले, खांद्याला खाकी पिशवी.

"मिस्त्री, झाली का मोरी?" आईने विचारलं.

"झाली, आक्का. फकस्त माझी आंघुळ ऱ्हायलीय."

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात थांबली. आबांनी घसा खाकरला. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

आई म्हणाली, "मग करा की. गार पाण्यानं कशाला? माझं तापलंय, त्यातलंच घ्या बादलीभर."

आबा उठले आणि बाहेर ओट्यावर गेले. सुनंदाने बादली भरून आणली. मामा सुतळीपाशी वाकले. गाठीवर त्यांची बोटं थांबली. त्यांनी ती गाठ अंगठ्याने जरा फिरवली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"ही कुनी सोडली हुती का, सायेब?"

बाहेर आबा, समोर आई, गॅसवर उकळतं पाणी. हो म्हणावं, तर मामा आणखी चार दिवस थांबायला लावणार. आणि आबांचं न ऐकता या माणसाला मी बोलावलं, त्यात पुन्हा त्याचंही ऐकलं नाही, हे सगळ्यांसमोर निघणार. आणि नाहीतरी वाईट काय केलं होतं मी? औषधच तर लावलं होतं.

"नाही, मामा," मी म्हणालो.

त्यांनी मान पुन्हा गाठीकडे वळवली. मग गाठ सोडली, सुतळी गुंडाळून खिशात घातली, आत गेले आणि कडी लावली.

पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग तेलाच्या बाटलीचं झाकण. मग बराच वेळ नुसती साबणाची चुरचुर. आई ऐकत होती, तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. मग पावलं वाजली. एक, दोन, तीन. मी श्वास धरून मोजत होतो, हे मला चौथ्या पावलाला कळलं. पाचवं पाऊल वाजलं नाही. सर्रकन आवाज झाला, तांब्या गडगडत भिंतीवर आपटला आणि पाठोपाठ अंग पडल्याचा तो आवाज आला, जो मी आईच्या वेळी शेजारच्या खोलीतून ऐकला होता.

मी दाराकडे धावलो. आतून मामा म्हणाले, "थांबा. पंचा गुंडाळू द्या." कितीतरी वेळाने कडी निघाली. सगळं अंग साबणाने माखलेलं, डोळे लाल, आणि उजवा हात मनगटापाशी नको तिथे वाकलेला. तो हात डाव्या हाताने छातीशी धरून ते दारात उभे होते. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "आक्काला आत सोडू नगा."

मग ते खाली बसले आणि डावा तळवा फरशीवर घासला. "ह्येच्यावर परत मारलंय कुनीतरी."

"मी," मी म्हणालो. "शुक्रवारी. सगळा डबा."

"पुसला न्हाई?"

"नाही. आमच्याकडे टाकीला दोन कोट..."

"टाकीत कुनी आंघुळ करत न्हाई, सायेब."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिने मांडीवरचा टॉवेल उचलला आणि मामांच्या खांद्यांवर टाकायला सुनंदाच्या हातात दिला. आवाज ऐकून आबा आत आले होते. त्यांनी मामांचा हात पाहिला, तसेच मागे वळले आणि आपली जीप सुरू केली. हाडाच्या दवाखान्यात मामांना त्यांनीच नेलं आणि परत आणलं. त्या विषयावर त्यांनी आजपर्यंत चकार शब्द काढलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा प्लास्टर गळ्यात अडकवून पुन्हा आले. मला वाटलं, शिव्या घालायला आले असतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल मागितलं, दारात बसले आणि मला म्हणाले, "बसा गुडघ्यावर." चार दिवस मी रजा टाकून तो थर उतरवला. थर उतरवायचं औषध लावायचं, ब्रशने घासायचं, पुसायचं, वीतभर पुढे सरकायचं. ते डाव्या तळव्याने तपासायचे. "हितं आजून हाय." मी पुन्हा घासायचो. "हितं बी." गुडघे सोलवटले. आई तोवर पॅसेजमध्ये खुर्चीवर बसून फडक्याने अंग पुसून घेत होती आणि मामांशी त्यांच्या नातवंडांच्या गप्पा मारत होती. माझ्याशी ती त्या चार दिवसांत कामापुरतंच बोलली.

दगड सुकला, मामांनी डाव्या हाताने पुन्हा सीलर लावला, पुसला, सुतळी बांधली. तिसऱ्या दिवशी प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधून ते पुन्हा पहिल्या आंघोळीला आत गेले. या वेळी घरातले आम्ही सगळेच पॅसेजमध्ये उभे होतो. मी छत्तीस पावलं मोजली. कडी निघाली. "जावा, आक्का," ते म्हणाले, "आता डोळं मिटून न्हावा."

आई आत गेली आणि पाऊण तास बाहेर आली नाही. सुनंदा तिच्यासोबत होती. नंतर तिने मला सांगितलं, की शेवटचा तांब्या अंगावर घेऊन आई रडली.

मामांचं मनगट नीट बसलं नाही. मूठ पुरती वळत नाही, हातोडी धरवत नाही. त्यांचं फरशीचं काम तिथे संपलं. माझ्या घरची फरशी ही त्यांची शेवटची. मी अधूनमधून शिरूरला त्यांच्याकडे जातो. ते कधी कुरकुरत नाहीत, त्यामुळे मला जास्तच अवघड होतं. मागच्या खेपेला धीर करून मी विचारलं, "मामा, सुतळीची गाठ बघून तुम्हाला कळलं होतं ना? मी खोटं बोलतोय म्हणून?"

"कळलं हुतं की. माझी गाठ मला कळायची न्हाई व्हय?"

"मग आत का गेलात?"

ते डाव्या हाताने उजवा पंजा चोळत होते. "आक्का समोर बसल्या हुत्या. तुमचा ल्योक खोटं बोलतोय, आसं त्यांच्या देखत कसं म्हनायचं? आन् त्यांचं पानी तापलं हुतं. म्हनलं, पडायचंच आसंल तर आपुन पडू."

त्यांच्या सुनेने चहा आणून ठेवला. मी कप नुसताच हातात धरला. माझ्या आईसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून हा माणूस डोळे मिटून त्या फरशीवर चालला होता. आणि दोनच दिवस आधी, आबांसमोर त्यांच्या बाजूने एक वाक्य बोलायचं होतं, तेव्हा मी जमिनीकडे बघत उभा होतो.

"प्या, गार हुतोय," मामा म्हणाले.